सात थांबे

४ नोव्हेंबर
गडमुडशिंगी

प्रिय पश्या,

सप्रेम जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला आठ महिने झाले. हरकत नाही. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून कुठल्या फोनात आलेली नाही आणि तुझा मिलिटरीतला छप्पन ए.पी.ओ.चा पत्ता मला तोंडपाठ आहे. तेव्हा आता वाच. नाही वाचलंस तर शेकोटीत घाल, तेवढीच ऊब.

शिव्या देणार नाही. मागच्या वेळी फोनवर दिल्या तेवढ्या पुरे. रजेवर येतोस, पेठ वडगावात मावशीकडं आठ दिवस तंगड्या पसरून राहतोस आणि तासाभराच्या अंतरावरच्या स्वतःच्या घराची पायरी चढत नाहीस, एवढंच मी म्हटलं होतं. थोडं जोरात म्हटलं असेल. मी आक्का आहे तुझी, हळू बोलायला मला कुणी शिकवलं?

आज लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्या संयोगिता मॅडम, म्हणजे कॅथलॅबच्या मोठ्या डॉक्टर, आम्हा टेक्निशियन लोकांना दर शनिवारी तासभर शिकवतात. मागच्या शनिवारी विषय होता, ऑक्सिजन कमी पडला तर हृदय आणि रक्तवाहिन्या काय करतात. बाकीचे जांभया देत होते. मी मात्र एवढे प्रश्न विचारले की मॅडम म्हणाल्या, "निशा, तुझं कोण आहे गं वर?" मी म्हटलं, भाऊ आहे, लडाखला.

तुला आठवतं, पहिल्यांदा तिकडं गेलास तेव्हा फोन करून कुरकुरला होतास? सहा दिवस नुसतं बसवून ठेवलंय, पळू देत नाहीत, म्हाताऱ्यागत शिरा खायला घालतात म्हणून. आता मला कळलं ते का. वर प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी, म्हणून हृदय आधी नुसतं धडधडत सुटतं, जास्त फेऱ्या मारून तोटा भरून काढायला बघतं. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूला जोर लावावा लागतो. त्यात तू पळालास तर संपलंच. मग हळूहळू मूत्रपिंडं हाडांच्या आतल्या मगजाला निरोप धाडतात, तांबड्या पेशी वाढवा. पेशी वाढतात आणि हृदयाचा जीव भांड्यात पडतो. म्हणजे तू तिकडं तोंड फुगवून बसला होतास आणि तुझं शरीर मुकाट्यानं संसार नीट लावत होतं. शरीर तुझ्यापेक्षा शहाणं आहे.

आबा बरे आहेत. परवा आमच्याच हॉस्पिटलात त्यांची एक तपासणी आहे. काळजीचं काही नाही.

तुझी,
आक्का


७ नोव्हेंबर
गडमुडशिंगी

पश्या,

मी मंगळवारच्या पत्रात खोटं लिहिलं. काळजीचं होतं. आबांची अँजिओग्राफी होती.

पण थांब, घाबरू नकोस. मी काल जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. सहा वर्षं मी त्या खोलीत उभी आहे, हजारो लोकांची हृदयं पडद्यावर पाहिली, पण असं काही पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते आपल्या आबांचं.

टेबलावर आडवे झाल्यावर पहिलं वाक्य काय, तर "मॅडम, किती मिंटाचं काम हाय? मला धाच्या आत घरला जायाचं हाय." पाच वर्षं झाली रिटायर होऊन, पण फाटकावरचा गेटमन काही अंगातून जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. मॅडमनी मनगटातून नळी घातली, डाव्या रक्तवाहिनीत डाय, म्हणजे पडद्यावर दिसणारं औषध, सोडला. माझं लक्ष पडद्यावर.

हृदयाच्या पुढच्या बाजूला जाणारी सगळ्यात मोठी वाहिनी सुरुवातीलाच बंद. शंभर टक्के. फांदी छाटावी तसं टोक. पुढं काहीच नाही, नुसता काळोख. मी मनात म्हटलं, मग हा माणूस चालतोय कसा? त्या दिवशी सकाळी सुद्धा ते माझ्या आधी उठून पाणी भरत होते.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "निशा, आता उजवी. आणि फिल्म लवकर बंद करू नकोस, चालू ठेव."

उजव्या वाहिनीत डाय गेला. ती भरली. मी बटण सोडणार तेवढ्यात, पश्या, तिच्या टोकातून केसांएवढ्या बारीक वाटा उजळायला लागल्या, नागमोडी, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि त्यांच्यातून ती डावीकडची बंद वाहिनी उलट्या बाजूनं, शेपटाकडून डोक्याकडं, भरत आली. मघा जिथं काळोख होता तिथं सगळा रस्ता उजळला. मॅडम स्वतःशीच म्हणाल्या, "बघ तरी काय केलंय." मला रडू आलं आणि मास्क असल्यानं कुणाला दिसलं नाही.

गणपतरावांच्या उसात पाट तुंबला की काय होतं आठवतं? बांधाखालच्या उंदरांच्या बिळांतून पाणी वाट काढतं आणि पलीकडची सरी आपोआप भिजते. तसंच आहे हे. मॅडम म्हणाल्या, या बारीक वाटा बऱ्याच जणांच्या हृदयात जन्मापासून असतात, पण निजलेल्या. मोठा रस्ता अडला, पलीकडच्या भागाचा ऑक्सिजन तुटला की रक्ताचा जोर तिकडं वळतो आणि त्या रुंद व्हायला लागतात. सगळ्यांच्या होत नाहीत. ज्यांच्या होतात त्यांच्याही पुऱ्या पडतीलच असं नाही. आबांच्या पडल्या.

म्हणजे बघ, तिकडं तुझ्याभोवती हवाच विरळ आणि इथं आबांच्या नाकाला हवा भरपूर, पण काळजाच्या अर्ध्या भागापर्यंत पोचत नव्हती. दोघांची शरीरं एकाच कामाला लागलेली. एकमेकांशी बोलत नाही ते फक्त तुम्ही दोघं.

मग मॅडमनी विचारलं, "आबा, छातीत कधीपासून दुखतंय?"

"पित्त हाय वो मॅडम."

"या वाटा चार-सहा आठवड्यांत एवढ्या मोठ्या होत नाहीत. हे बंद पडून काही वर्षं झाली असणार. किती वर्षं पित्त आहे?"

आबा माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हिला भाईर पाठवा, मग सांगतो."

आणि मला बाहेर पाठवलं. माझ्याच कॅथलॅबमधून.

आक्का


८ नोव्हेंबर
गडमुडशिंगी

पश्या,

हे पत्र सावकाश वाच. सोबत एक झेरॉक्स आहे. ती आधी बघू नकोस. बघितलीस तर बघितलीस, पण मग पत्र शेवटपर्यंत वाच.

मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घरी तुमच्या आबांच्या वह्या आहेत म्हणे. उद्या घेऊन ये." कसल्या वह्या? मला माहीत नाही. घरी येऊन मी आबांची पत्र्याची ट्रंक उघडली. वर लाल आणि हिरवं निशाण घडी घालून, खाली ड्युटीचा कंदील, आणि त्याखाली शाळेच्या दोनशे पानी तीन वह्या. पट्टीनं रेघा मारलेल्या. फाटकावरच्या रजिस्टरसारखेच रकाने: तारीख, सुटली, थांबे, पोचली, शेरा. मला वाटलं, जुन्या गाड्यांचं काहीतरी असेल. पहिल्या ओळीची तारीख वाचली आणि मी ट्रंकेजवळच बसले.

तेवीस जून. चार वर्षांपूर्वीचा. तू गेलास तो दिवस.

आता आदल्या दिवशीचं तुला सांगायला नको. तू रेल्वेची परीक्षा पास झालेला, आबांनी मनात तुला त्यांच्याच लाईनीवर बघितलेलं आणि तू मिलिटरीचे कागद पुढं ठेवलेस. आबा म्हणाले, "गेलास तर मी पोचवाय येणार न्हाय." तू म्हणालास, "नका येऊ." आई असती तर दोघांच्या पाठीत रपाटा घालून मोकळी झाली असती. सकाळी आपण दोघं सामान घेऊन रिक्षानं वळीवडे स्टेशनला गेलो. आबा आले नाहीत. तू मिरजेच्या पॅसेंजरच्या दारात उभा राहून शेवटपर्यंत रस्त्याकडं बघत होतास, ते मी पाहिलंय. तेव्हापासून तुझं एकच वाक्य, "ज्या माणसानं पस्तीस वर्षांत एक गाडी चुकवली न्हाय, त्यो पोराच्या गाडीला न्हाय आला म्हंजे ठरवून न्हाय आला."

आता झेरॉक्स बघ. आबांचंच अक्षर आहे.

"२३ जून. सुटली ६.२५. थांबे ७. पोचली ७.२१. शेरा: पॅसेंजर ७.१४ ला वेळेत गेली. मुलगा गेला."

आबा आले होते, पश्या. सात मिनिटं उशिरा. रिक्षात तुझ्याशेजारी बसायचं नव्हतं म्हणून गेटमनच्या सवयीनं चालत निघाले. त्यांच्या पायाला ती अर्ध्या तासाची वाट. त्या दिवशी वाटेत छातीत आवळून आलं. उभे राहिले, उतरलं, चालले, परत आवळलं. असं सात वेळा. मॅडमनी त्यांच्याकडून काढून घेतलं ते हे.

आणि आता माझं. हे मी चार वर्षं गिळून बसले आहे.

मला माहीत होतं. वह्यांचं नाही, छातीचं नाही, पण आबा आले होते हे माहीत होतं. तुझी गाडी गेल्यावर मी फलाटावरून निघाले तर ते टोकाच्या सिमेंटच्या बाकावर बसलेले, शर्ट घामानं चिंब. म्हणाले, "पित्त झालंय." आणि मी, हृदयाच्या खात्यात काम करणारी बाई, पित्तावर विश्वास ठेवून त्यांना लिंबू सरबत पाजलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग मिरजेवरून तुझा फोन आला, "आबा आलते काय गं?" आबांनी मान हलवली. हळूच म्हणाले, "सांगू नगो. उशिरा आलेला गेटमन आन न आलेला गेटमन, दोन्ही सारखंच." आणि मी तुला म्हणाले, "न्हाय."

त्यांनी सांगितलं म्हणून नाही म्हणाले, असं मी स्वतःला सांगत आले. खरं ते नाही. मला तुम्हा दोघांचा राग आला होता. घर माझ्यावर टाकून एक निघाला होता आणि दुसरा रुसून बसला होता, भोगा म्हटलं दोघांनी. चार दिवसांत निवळेल असं वाटलं. तुझी पहिली रजा मावशीकडं गेली, तेव्हा सांगायचं धाडस उरलं नाही. मला माफ कर. मागच्या पत्रात मी तुम्ही दोघं बोलत नाही म्हणून टोमणा मारला, तो माझ्या तोंडी शोभत नाही.

आता वहीकडं ये, कारण खरी मौज पुढं आहे. चोवीस जून: सुटली ६.२५, थांबे ७, पोचली ७.२४, शेरा: उशीर. पंचवीस जून: थांबे ७. सव्वीस: थांबे ६. रोज, पश्या. रोज सकाळी हा माणूस वळीवडे स्टेशनपर्यंत चालत गेलाय आणि स्वतःला गाडी समजून नोंद केलीय. पहिल्या पावसाळ्यानंतर थांबे पाचावर आले. वर्षानं चार. दुसऱ्या वर्षी तीन, मग दोन. तिसऱ्या वहीत ओळीनं पानंच्या पानं एक थांबा, पोचली ७.००, वेळेत.

आणि गाव काय म्हणत होतं? पोरगा गेला आणि म्हातारा बोलका झाला. जे आबा आयुष्यात फाटकावर कुणाशी दोन शब्द जास्त बोलले नाहीत, ते तानाबाईंच्या टपरीपाशी थांबून म्हशीची चौकशी करायचे, गणपतरावांच्या गोठ्यापाशी उभे राहून उसाचा भाव काढायचे. एकटे पडले बिचारे, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. छातीतली कळ उतरेपर्यंत ते नुसतं तोंड चालू ठेवत होते.

मॅडमनी काल तिन्ही वह्या पान न् पान पाहिल्या. चष्मा काढला, परत घातला. "निशा, आपण काल पडद्यावर जे एका मिनिटात पाहिलं, ते यांनी चार वर्षं रोज मोजलंय. वाट रुंद होत गेली तसे थांबे कमी होत गेले." मग आबांना असं झापलं की वॉर्डातले सगळे वळून बघायला लागले. हा उपचार नव्हे, नशीब आहे, म्हणाल्या. छातीत दुखतं म्हणून थांबलेला माणूस पुढच्या थांब्यापर्यंत पोचतोच असं नाही, बरेच जण पोचत नाहीत. आबा खाली मान घालून बसले होते, पण मला ठाऊक आहे, मनात खूश होते.

मी घरी आल्यावर विचारलं, "आबा, कशासाठी हे?"

"सराव. फुडच्या बारीला पोरगं जाईल तवा गाडी चुकाय नगं."

"अवो पण तो येतोय कुठं जायला?"

"येल की. आल्याबिगर जाईल कसा?"

आता शेवटचं, आणि हे नीट वाच. सप्टेंबरपासून थांबे परत वाढलेत. दोन, तीन, गेल्या आठवड्यात पाच. शेरा: "लाईनीत बिघाड." म्हणूनच ते स्वतःहून तपासणीला तयार झाले. बिघाड खरा आहे. ज्या उजव्या वाहिनीतून या सगळ्या वाटा निघतात, ती स्वतःच ऐंशी टक्के चोंदलीय. ती बंद पडली तर दोन्ही बाजू एकदम जातील. पंचवीस नोव्हेंबरला तिच्यात स्टेंट घालायचाय. जोखीम इतरांपेक्षा जास्त आहे, मॅडमनी स्पष्ट सांगितलं, कारण अख्खं हृदय सध्या त्या एका वाहिनीवर आहे. तोवर चालणं बंद, घरातल्या घरात बसवून ठेवलंय, तुला सहा दिवस ठेवलं होतं तसं.

मी त्यांना कळवलेलं नाही की तुला लिहिलंय. तू ये. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

आक्का


२० नोव्हेंबर
गडमुडशिंगी

पश्या,

काल सकाळी फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हा माझ्या हातातून दुधाचं पातेलं सुटलं, सगळा ओटा पांढरा. आणि तू जयभीम नाही, कशी आहेस नाही, एकदम, "आक्का, सातवा थांबा कुठला?" मी काय सांगणार, मला माहीतच नव्हतं. म्हटलं, विचारून सांगते. तेवढ्यात तुझी रेंज गेली. हे पत्र तुझ्या आधी पोचेल की तू पत्राच्या आधी निघालेला असशील, देव नसलेल्या घरात कुणाला विचारू. तरी लिहिते, कारण मला गप्प बसवत नाही.

मी आबांना विचारलं. आधी म्हणाले, तुला कशाला पायजे. मी म्हटलं, मला नको, प्रसेनजीतला पाहिजे. पश्या, त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "फलाटाचा उतार हाय न्हवं, त्याच्या तोंडाला. तितनं फुडं येक पाऊल टाकवंना. शेवटचा डबा दिसत हुता. दारात कोन उबं हाय ते दिसंना."

दारात तूच उभा होतास, हे मी त्यांना सांगितलं. चार वर्षांनी सांगितलं. ते म्हणाले, "व्हय?" आणि उठून ट्रंकेतून हिरवं निशाण काढून उन्हात वाळत घातलं. त्याला काय ओल आली होती, मला कळलं नाही.

रजा मंजूर झाली असेल तर चोवीसला ये. विमानानं एकदम खाली उतरलास की तुझ्या अंगात तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त असतील, काही आठवड्यांत आपोआप उतरतात, घाबरू नकोस. तेवढे दिवस तू गावातल्या कुणालाही पळण्यात हरवशील. मात्र आबांना पैज लावू नकोस, ते तयार होतील.

आक्का


१९ डिसेंबर
गडमुडशिंगी

प्रिय पश्या,

सप्रेम जयभीम.

तू काल गेलास आणि आज मी पत्र लिहायला बसले. फोन उघडा आहे, तरी लिहिते. सवय लागली.

स्टेंटचं तू डोळ्यांनी पाहिलंस. काचेपलीकडं उभा राहून तुझा चेहरा असा झाला होता की मॅडमनी मला विचारलं, पेशंट नक्की कोण आहे? ती पंचवीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. उजवी वाहिनी उघडली आणि त्या सगळ्या नागमोडी वाटा एकदम ठळक झाल्या, तेव्हा तू काचेवर हात ठेवला होतास. मी आतून पाहिलं.

तू आणि आबा चोवीस दिवसांत एकूण किती बोललात? मी मोजलं तर चाळीसेक वाक्यं होतील, त्यांतली निम्मी म्हशीबद्दल. तू माफी मागितली नाहीस, त्यांनीही नाही. मला वाईट वाटलं होतं, खरं सांगते. एवढी पत्रं लिहिली, निदान एकदा गळ्यात तरी पडायचं.

पण कालची सकाळ बघितली आणि माझी तक्रार संपली. मॅडमनी चालायला परवानगी दिली होती, तरी मी म्हटलं, आबा, रिक्षात बसा. ते म्हणाले, "तुमी व्हा मागनं, मी चालतो." सहा पंचविसाला निघाले. आपण पावणेसातला रिक्षानं निघालो आणि तू वाटभर बाहेर डोकं काढून बघत होतास. कुठंच दिसले नाहीत. तुझा एक पाय हलत होता, मी काही बोलले नाही. फलाटावर पोचलो तर टोकाच्या त्याच सिमेंटच्या बाकावर ते बसलेले, कोरडा शर्ट, मांडीवर घडी केलेलं निशाण. तू विचारलंस, "थांबे?" त्यांनी एक बोट वर केलं. तुझा चेहरा उतरलेला बघून म्हणाले, "त्यो खरा हुता. तानाबाईनं च्या दिला, न्हाय कसं म्हनू?" आणि मग, "बस. गाडी अकरा मिंटं लेट हाय."

त्या अकरा मिनिटांत तुम्ही दोघं त्या बाकावर शेजारी बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत. मी मुद्दाम लांब उभी राहिले. तुझा खांदा त्यांच्या खांद्याला टेकलेला होता, आणि गाडीची शिटी झाली तरी कुणी आधी उठेना.

गाडी सुटल्यावरचं तू दारातून पाहिलंस, आबांनी दाखवलेलं हिरवं निशाण वगैरे. स्टेशनवरच्या माणसानं नंतर आबांना दम दिला, तो तुला दिसला नसेल. आबा त्याला म्हणाले, "पस्तीस वर्सं दाखवलंय रं. आज माझ्या पोराला दाखवलं."

घरी येऊन त्यांनी वही काढली. मी दाराआडून बघत होते. ओळ लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन अडलं. आधी सवयीनं "मुलगा गेला" लिहिलं. मग ते पट्टी लावून नीट खोडलं. आता मी तुला ती ओळ उतरवून पाठवते:

"१८ डिसेंबर. सुटली ६.२५. थांबे १. पोचली ७.०२. शेरा: पॅसेंजर ११ मिनिटे उशिरा. मुलाला पोचवलं."

मला वाटलं, संपलं. आता वह्या ट्रंकेत जातील. पण आज सकाळी सहा पंचविसाला चपलांचा आवाज आला. आबा निघालेले. मी म्हटलं, "आबा, आता कशाला? पोचवून झालं की."

ते वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "परत येनार हाय न्हवं त्यो. आनाय कोन जानार, तू?"

तुझी,
आक्का